शेरा

बारा पावलं रुंदीचे दोन पट्टे, मध्ये गवताची वाट.
डावीकडे शेणखत, बेवडाला क्लोव्हर, कोळपणी.
उजवीकडे पोत्यातलं नत्र, तणनाशक, ठरल्या तारखांचे फवारे.
मी ऑर्ट्रुन. सव्वीस वर्षं
दोन्हीकडचा गहू एकाच तराजूवर तोलते.
तराजूला मत नसतं म्हणतात.
दमट हवेत मात्र तो चार ग्रॅम खोटं बोलतो,
म्हणून सकाळी आधी त्याचा रुसवा काढायचा,
मग बाकीच्यांचा.

माग्डेबुर्गच्या पश्चिमेची ही काळी माती.
लोण्याऐवजी पावाला लावावी, असं इथले लोक म्हणत.
हल्ली म्हणत नाहीत.

बऱ्या वर्षी हिशेब सोपा असायचा :
हेक्टरी उजवीकडे ब्याऐंशी क्विंटल, डावीकडे सत्तेचाळीस.
फवारेवाले निवांत कॉफी प्यायचे.
शेणखतवाले म्हणायचे, ओढ्याचं पाणी तपासा.
तेही मी तपासायची, बाटलीवर तारीख घालून.

मग ते वर्ष आलं.
एप्रिल ते ऑगस्ट आभाळ मिटलेलंच.
एल्बेच्या पात्रातले दगड वर आले,
ज्यांच्यावर जुन्या दुष्काळांचे आकडे कोरलेत.
उजवीकडचा गहू जूनमध्येच पांढरा पडला.
नत्राचे दाणे मातीवर तसेच पडून,
ताट वाढलेलं आणि तांब्या रिकामा.
डावीकडे कुदळ मारली, तर वीतभर खाली
ढेकूळ गार लागलं. गालाला लावून पाहिलं,
आसपास कोणी नव्हतं.
बेचाळीस. एकोणचाळीस.
उरलेल्या तीन क्विंटलांच्या फरकावर भाषणं झाली,
एका बाईंना तर हुंदका आवरेना.
मी शेऱ्यात लिहिलं : एक वर्ष.

दोन वर्षांनी मे महिना नुसता भिजत राहिला.
पानापानावर पिवळ्या रेघा ओढत तांबेरा आला,
कोळप्याचे दात चिखलात रुतले,
डावीकडे तणात गहू शोधावा लागला.
एकवीस.
उजवीकडे दोन जादा फवारे, आणि सत्तर.
पुन्हा भाषणं. माणसं वेगळी, बिस्किटं तीच.
शेरा : हेही एक वर्ष.

त्या शरदात पेरणीच्या ट्रॅक्टरचं चाक
वाटेच्या मधोमध खचलं.
खाली हॅमस्टरचं कोठार निघालं, मालक पसार.
डावीकडचा दाणा बारीक, कडक, उजवीकडचा टपोरा,
मी डोळे मिटूनही ओळखते.
तिथे दोन्ही एकात एक मिसळलेले,
वर थोडी क्लोव्हरची मुळं, चवीला असावीत.
तोलले. पंधराशे ऐंशी ग्रॅम.
त्यांना रकाना नव्हता. शेऱ्यात लिहिलं :
याने भेद केला नाही.
डॉक्टर फोल्कमारनी लाल पेनने खोडलं,
वर सौम्यपणे लिहिलं, नमुना अपुरा.
बरोबरच होतं त्यांचं.
संध्याकाळी जाऊन धान्य परत बिळात ओतलं,
तोंडाशी पेंढा सारला.
थंडी पडणार होती. निदान पूर्वी पडायची.

आता माझ्या जागी एन्नो आलाय.
चोवीस वर्षांचा, हातात फोन, फोनमध्ये पुढचे दहा दिवस.
पहिल्याच दिवशी विचारलं,
बाई, शेवटी बरं कोणतं?
म्हटलं, कुठल्या मे महिन्यात?
हसला. त्याला वाटलं मी टाळतेय.
तराजू त्याच्याकडे सरकवला,
दमट हवेची खोड तेवढी सांगितली.

मग आम्ही शेतावर गेलो.
नोव्हेंबर अर्धा सरलेला,
आणि पायाखाली क्लोव्हरला फुलं.
त्यावर एक मधमाशीही, चुकल्यासारखी.
एन्नोने वही उघडली, बराच वेळ उभा राहिला.
हे कुठल्या पट्ट्यात धरायचं? त्याने विचारलं.
वाट तर कुणाचीच नाही.